एका थंडीपुरतं कव्हर

आमच्या आईला कुणी विचारलं, तुमचा प्रकाश मस्कतला काय करतो, तर ती सांगायची, "माझो झील गाड्यांका झबली शिवता." दर सुट्टीत वेंगुर्ल्याला गेलो की मी तिला समजावायचो, आई, त्याला ऑटो अ‍ॅक्सेसरीज म्हणतात, मी तिथं सीनियर फिटर आहे. ती मान डोलवायची आणि शेजारची बाई आली की पुन्हा झबल्यांचंच सांगायची. आता ती नाही. माझ्या कामाचं याहून नेमकं वर्णन मलाही अजून सुचलेलं नाही.

तर झबल्यांविषयी. पिकअप म्हणजे पुढे माणसांची केबिन आणि मागे उघडा हौदा असलेली गाडी. ओमानमध्ये ती ज्याच्या त्याच्या दारात असते. तिच्यात खजूर जातो, मासळी जाते, बकऱ्या जातात, लग्नाचे गालिचे जातात. त्या हौद्यावर जे काही झाकण बसतं ते आमचं काम. झाकणं मुख्यतः चार प्रकारची. रेक्झिनचं मऊ कव्हर, जे कडेनं टिचबटणांनी बंद होतं. गुंडाळून ठेवायचं कव्हर. घडीचं टणक कव्हर, अॅल्युमिनियमच्या फळ्यांचं. आणि चौथी म्हणजे फायबरची केबिन, गाडीच्या पाठीवर दुसरी खोली बांधल्यासारखी. याशिवाय कमानी उभ्या करून त्यांवर ताडपत्री ताणायची जुनी पद्धत आहे. पण ती हल्ली कुणी मागत नाही, दिसायला बरी दिसत नाही म्हणे.

आमच्या दुकानाची एक रीत आहे. कव्हर बसवून झालं की आमचे अर्बाब, म्हणजे मालक हमूद, खिशातून पन्नास बैशांचं नाणं काढतात आणि कव्हरवर टाकतात. नाणं टणकन उडालं तर गाडी बाहेर जाते. नुसतं पडून राहिलं तर कव्हर पुन्हा काढायचं. ढोलकीला ताण देतात तसं कव्हर ताणलेलं असावं, ही आमच्या दुकानाची कीर्ती. मस्कतमध्ये आमच्याइतकं ताठ कव्हर कुणी बसवत नाही, हे मी छाती पुढे काढून सांगत आलो आहे. शिवणकामाला कादिरभाई, रत्नागिरीकडचे, वयाने माझ्याहून मोठे. मापं आणि फिटिंग माझ्याकडे. वीसेक वर्षं आम्ही दोघं एकाच टेबलावर डबा खातो. त्यांचे बोंबील माझ्या पानात आणि माझ्या बायकोची सोलकढी त्यांच्या ग्लासात.

गिऱ्हाइकांचे नमुने सांगायला बसलो तर अंक पुरणार नाही. अल मवालेहच्या भाजी मार्केटमधल्या एका माणसाला असं कव्हर हवं होतं की टोमॅटो गिऱ्हाइकाला दिसले पाहिजेत, पण सूर्याला दिसता कामा नयेत. मदिनत सुलतान काबूसमधल्या एक बाई नवऱ्याची पिकअप घेऊन आल्या. त्यांना हौद्याला आतून रेक्झिन लावून त्यात पाणी भरायचं होतं, मुलांना डुंबायला. मी लावून दिलं. पुढच्या आठवड्यात त्यांच्या गल्लीतल्या आणखी दोघी आल्या. नवऱ्यांना विचारलंय का, असं मी विचारलं नाही.

पण 'थल्जवालं कव्हर' मागणारा माणूस एकच आला.

गेल्या वर्षी दिवाळीचा फराळ नुकताच संपला होता. दुकानात एक म्हातारा ओमानी शिरला. अंगात पांढरा पायघोळ दिशदाशा, वर जुना कोट, डोक्याला फेटा, हातात काठी. जुन्या ओमानी लोकांना हिंदी चांगलं येतं.

"सदीक, दोस्त, थल्ज के लिए कव्हर है?"

थल्ज म्हणजे बर्फ. मला वाटलं मासळीवाला असेल. मी त्याला बर्फाच्या पेटीचं अस्तर दाखवलं. त्याने ते काठीने बाजूला सारलं आणि काठी छताकडे केली. "नीचे वाला नहीं. ऊपर से गिरता है, वो."

मी कादिरभाईंकडे पाहिलं. त्यांनी मशीन थांबवलं. ओमानमध्ये ऊन पडतं, धूळ पडते. कधी वादळ आलं तर वाद्या, म्हणजे डोंगरांमधले एरवी कोरडे ओढे, भरून वाहतात. बर्फ मात्र मी फक्त फ्रीजमध्ये पाहिलेला.

"बाबा, किधर गिरता है?"

"जबल शम्स."

जबल शम्स म्हणजे सूर्याचा डोंगर, ओमानमधला सगळ्यात उंच. त्याच्या माथ्यावर कधीमधी बर्फ पडतो, हे मी ऐकून होतो. हा माणूस त्याच्या अंगाखांद्यावर राहणारा निघाला. नाव सालिम. त्याच्या मागोमाग गाडी लावून मुलगा आत आला, माजिद. कुरुमला ऑफिसात नोकरी, घर अल मवालेहला.

आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस एक प्रश्न हमखास विचारतो, किती वर्षं टिकेल? बाबा सालिमने उलटंच सांगितलं. "जास्त टिकायला नको. एक थंडी. एक थंडी निघाली की खलास."

मला जरा लागलं. आम्ही काही एका थंडीपुरती कव्हरं शिवत नाही. म्हातारा पिकअपला फेरी मारायला बाहेर गेला, तेव्हा माजिदने मला बाजूला घेतलं.

"ब्रदर, माझ्या आईबाबांचं ठरलंय. बाबा डोंगरावर बकऱ्या पाळतात. थंडीत बकऱ्या वितात. कडाका वाढणार असं कळलं की पिल्लं आणि आया पिकअपमध्ये घालून ते खालच्या वादीत, काकाच्या गोठ्यात नेतात. गेल्या वर्षी वाटेत गारा आणि बर्फ आला. वर साधी ताडपत्री बांधली होती. मध्ये खोळ झाली, ती भरली आणि फाटली. सगळं गार पाणी पिल्लांच्या अंगावर."

"मग?"

"बरीचशी गेली. आईने एकेकाला स्वतःच्या ओढणीत गुंडाळून चुलीशी बसवलं, तरी गेली. तेव्हापासून ती म्हणते, मी हे पुन्हा बघणार नाही. बकऱ्या निझवाच्या बाजारात विका आणि खाली मुलाकडे चला. बाबांनी तिच्याकडून एक थंडी मागून घेतली आहे. या वेळी पिल्लं वाचली तर राहायचं, नाही वाचली तर उतरायचं."

"तुला काय वाटतं?"

तो हसला. "माझ्याकडे दोन खोल्या रंगवून तयार आहेत. पण बाबांना तिथं बसवून मी करू काय? ते माझ्या बाल्कनीतून डोंगर शोधत बसतील. तुम्ही चांगलं कव्हर द्या, एवढंच."

इथं आखातात आम्ही सगळेच आणखी एक वर्ष, आणखी एक वर्ष करत राहतो. आणखी एक वर्ष मागून घेणं म्हणजे काय, ते मला कुणी शिकवायला नको. मी मनातल्या मनात म्हटलं, बाबा, तुझं कव्हर मी बसवणार.

आता निवड. दुकानातला सगळ्यात भारी माल म्हणजे घडीचं टणक कव्हर. त्याच्या खोक्यावर चित्रच आहे, बर्फाच्छादित डोंगर आणि पुढे चकाचक पिकअप. अर्बाब हमूद खूश झाले. इतकी वर्षं ते खोकं आम्ही उन्हात विकत होतो, आज पहिल्यांदा चित्रातलं गिऱ्हाईक समोर आलं होतं. बर्फ कितीही पडो, फळ्या वाकत नाहीत, असं मी छातीठोकपणे सांगितलं. बाबा सालिम शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "ठीक आहे. ती काय म्हणते विचारू."

मला वाटलं बायकोला विचारेल. शनिवारी तो बकरी घेऊन आला.

तिचा रंग ओमानी हलव्यासारखा गडद तपकिरी, म्हणून नावही हलवा. कळपातली थोरली. बाबाचं म्हणणं सरळ होतं, आत बसायचंय तिला, तर पसंतही तिनेच करावं. आम्ही हौद्यात तिला चढवली आणि टणक कव्हर लावायला घेतलं. ते हौद्याच्या कडेला सपाट बसतं. सामानाला छान, पण बकरीला उभं राहायला उंची कुठून येणार? शेवटची फळी मिटली आणि आतून जो आक्रोश झाला, त्याने शेजारच्या टायरवाल्याची माणसं धावत आली. फळी उघडली तर हलवाने पहिली उडी माझ्या अंगावर घेतली. अर्बाब दुकानात निघून गेले.

मग फायबरची केबिन. उंची भरपूर, काचा, दार, सगळं. हलवा आत ऐटीत उभी राहिली. मला वाटलं झालं काम. पण बाबाने दार लावलं, काच बंद केली आणि काठी टेकून वाट बघत बसला. थोड्या वेळात काचेवर आतून वाफ धरली. त्याने दार उघडून छताला हात लावून मला दाखवला. हात ओला.

"एका बकरीचं हे. दहा असतील तर वरून ठिबकेल. बर्फाआधी हेच पाणी पिल्लांना मारेल. हवा पाहिजे."

आम्हा कोकणी माणसांच्या डोक्यात छप्पर म्हणजे पाणी आत येता कामा नये, एवढं एकच घट्ट बसलेलं. आतल्या वाफेचा विचार मी कधी केला नव्हता. मस्कतमध्ये करायची वेळ येत नाही. माजिदने फोनवर कॅनडातल्या कुणाकुणाचे व्हिडिओ काढून पाहिले आणि तोही म्हणाला, तिकडे केबिनला वर झरोका ठेवतात. मग आम्ही चौघं हौद्याभोवती उभे राहून ठरवत गेलो. उंच कमानी, म्हणजे बर्फ घसरून पडेल आणि खोळ होणार नाही. त्यांवर जाड दुहेरी ताडपत्री. पुढे माणसांच्या केबिनमागे वीतभर झरोका, त्यावर पडवीसारखी झडप. मागे फाळक्यावर दोन पडदे. म्हणजे दुकानातला सगळ्यात भारी माल राहिला बाजूला आणि कुणी मागत नाही ती जुनी पद्धत ठरली. अर्बाब म्हणाले, इन्शाल्ला, निदान शिवण तरी नीट करा.

शिवण नीटच केली. कादिरभाईंनी दुहेरी टाके घातले, मी कमानी बसवल्या. भर दुपारी, गाडीला हात लावला तर चटका बसेल अशा उन्हात, ताडपत्री दोन्ही बाजूंनी खेचून खेचून टिचबटणांवर ताणली. अर्बाबनी नाणं टाकलं. काय उडालं ते! बाबा सालिमने कापड बोटाने दाबून पाहिलं आणि म्हणाला, "जादा टाइट."

"बाबा, हेच तर आमचं काम," मी म्हटलं आणि हसलो. तो गेला.

डोंगरावर पहिली थंडी पडली आणि त्याचा फोन आला. बटणं लागत नाहीत. ताडपत्री आखूड झाली. सकाळी काढली ती पुन्हा बसेना, अर्ध्याच बाजूची बटणं लागतात. मी म्हटलं, असं कसं होईल, बाबा? घेऊन या. तो एवढा रस्ता उतरून आला. दुकानासमोरच्या उन्हात आम्ही कव्हर लावून पाहिलं. टप टप टप, सगळी बटणं लागली. अर्बाबनी नाणं टाकलं, उडालं. आम्ही सगळे म्हाताऱ्याकडे बघायला लागलो. त्याचा चेहरा इतका पडला की मला वाईट वाटलं. उगाच खोटं सांगणारा माणूस असा दिसत नाही.

कादिरभाई उठले. त्यांनी हौद्याच्या लांबीची ताडपत्रीची पट्टी कापली, गुंडाळी केली आणि शेजारच्या बशीरच्या किराणा दुकानात जाऊन आइस्क्रीमच्या फ्रीजरमध्ये टाकली. बशीर केरळचा. तो ओरडला, "कादिरभाई, उसमें बच्चे लोग का कुल्फी है!" जेवण होईपर्यंत पट्टी तिथंच राहिली. मग ती काढून हौद्यावर धरली. चांगली बोटभर आखूड! आणि कडक इतकी की घडी घालताना कडकड वाजली. बघता बघता उन्हात ती पुन्हा मऊ झाली आणि लांबीही भरली.

म्हणजे चूक कव्हरात नव्हती, ते आम्ही कुठे मापलं त्यात होती. भर उन्हात, कापड पुरेपूर फुललेलं असताना, वर आणखी खेचून. वीस वर्षांत एकही कव्हर परत आलं नव्हतं, कारण एकही कव्हर थंडीत गेलं नव्हतं. ज्या नाण्यावर आमचं नाव, त्याच नाण्याने घोटाळा केला होता. मला आधी राग आला, मग हसू आलं.

"बटणं काढून टाक," कादिरभाई म्हणाले. "माझे वडील मचव्यावर होते. शिडाला कधी बटण बघितलंस? कडेनं रिंगा आणि त्यातून दोरी. वारा पडला की ओढायची, जोर आला की सोडायची. दोरी माणसाचं ऐकते, बटण ऐकत नाही."

तसं केलं. कापड चांगलं ढगळ घेतलं, कडेनं पितळी रिंगा मारल्या, नायलॉनची दोरी नागमोडी ओवली. आता उन्हात ते कव्हर दिसायला, खरं सांगायचं तर, मोठ्या भावाचा शर्ट घातलेल्या पोरासारखं दिसत होतं. अर्बाबनी नाणं टाकलं. ते पडलं आणि चुपचाप चुणीत जाऊन बसलं.

"हे माझ्या नावाने बाहेर जाणार नाही," हमूद म्हणाले. "लोक हसतील."

माझंही मन खात होतं. आयुष्यभर ज्याला हसलो ते आज मीच बसवलं होतं. पण मी म्हटलं, "अर्बाब, ते बकऱ्यांच्या नावाने जाऊ दे." बाबा सालिमने त्या चुणीतून नाणं उचलून अर्बाबच्या हातात ठेवलं आणि त्यांच्या खांद्यावर थोपटलं. वयाचा मान असतो. हमूदनी नाणं खिशात टाकलं आणि गाडी जाऊ दिली. पाठीमागचं दुकानाच्या नावाचं स्टिकर मात्र त्यांनी लावू दिलं नाही.

जानेवारीत एका सकाळी माझी मुलगी सई फोन नाचवत आली. "बाबा, स्नो! जबल शम्स पे स्नो गिरा है!" तिचं मराठी असं हिंदीतून थेट मॉलमध्ये जातं. व्हिडिओत पांढरे दगड, पांढरी झुडपं आणि गाड्यांवर नाचणारी तरुण मुलं. तिला मजा वाटत होती. मी लगेच बाबा सालिमला फोन लावला, बंद. माजिदला लावला, तोही लागेना. दुकानात मी एका नव्या गाडीचं माप दोनदा चुकीचं घेतलं. कादिरभाई मशीनवर बसून होते, पण मशीनचा आवाज येत नव्हता. दुपारी अर्बाब येऊन उगाच विचारून गेले, काही कळलं का त्या सैल कव्हरचं.

गुरुवारी माजिदचा फोन आला. "उद्या सुट्टी आहे ना? घरच्यांना घेऊन चला. आईने बोलावलंय." पिल्लांचं काय झालं, विचारलं तर म्हणाला, "आईने सांगितलंय, फोनवर सांगायचं नाही."

शुक्रवारी माजिदच्या गाडीतून आम्ही निघालो, मी, बायको आणि सई. कादिरभाईंनी नमाज चुकेल म्हणून यायचं टाळलं, पण दोरीचं एक नवं बंडल माझ्या हातात दिलं. वर पोचलो तेव्हा ऊन होतं, तरी बोलताना तोंडातून वाफ येत होती. दगडांच्या सावलीत उरलेला बर्फ होता, किसलेलं खोबरं सांडल्यासारखा. सईने दोन्ही हातांनी उचलला आणि किंचाळली. तिच्या आईनेही मग हळूच उचलून पाहिला.

घरापुढे पिकअप उभी होती. ढगळ कव्हर, कडेनं ओढून बांधलेली दोरी, कमानींवरून ओघळून गेलेल्या पाण्याचे डाग. खाली वादीत नेऊन, कडाका ओसरल्यावर कळप नुकताच परत वर आणला होता. बाबा सालिम पिकअपच्या मागे उभा होता. त्याने एक पडदा वर केला. आतून बकऱ्यांचा उबदार, ओळखीचा वास आला. हलवा पुढे, आणि तिच्या पायांशी, मागे, कोपऱ्यात, एकमेकांच्या पाठीवर माना टाकून पिल्लं. मी मोजली नाहीत. माजिदने मान हलवून सांगितलं, सगळी. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही आणि कुणी पाहिलं न पाहिल्यासारखंही केलं नाही. बाबाने माझी पाठ चोळली.

तेवढ्यात घरातून त्याची बायको आली. तिकडे आईला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात, म्हणून ती उम माजिद. बारीकशी, गुडघ्यावर हात ठेवत चालणारी. तिने आम्हाला कॉफी, खजूर दिले, माझ्या बायकोचा हात हातात घेऊन बसली. मग उठली आणि पिकअपपाशी गेली. झरोक्याच्या झडपेला तिने बकरीच्या केसांची विणलेली पट्टी आतून शिवलेली मला दाखवली. आम्ही शिवलं ते तिला पुरेसं वाटलं नव्हतं, आणि पट्टी खरंच छान बसली होती. तिने कव्हरचं कापड चिमटीत धरून ओढलं, रिंगा एकेक चाचपल्या, दोरीची गाठ सोडून पुन्हा बांधली. सासूबाई नव्या सुनेची भाजी चाखतात तसा तिचा चेहरा होता. मग तिने अरबीत काहीतरी विचारलं.

माजिद म्हणाला, "आई विचारतेय, हे किती थंड्या टिकेल?"

दुकानात आम्ही एका वर्षाची गॅरंटी देतो आणि तीही अर्बाबना विचारून. मी बाबा सालिमकडे पाहिलं. तो हौद्याच्या फाळक्याला धरून जमिनीकडे बघत होता.

"पाच," मी म्हटलं. "दोरी बदलत राहिलात तर जास्त." आणि कादिरभाईंचं बंडल तिच्या हातात दिलं.

तिने बंडल काखेत मारलं, पडदा खाली ओढून घेतला आणि नवऱ्याला म्हणाली, "ऐकलंस ना? पाच. मग आता आपल्या गोठ्याची भिंत बांधायला घे."